फायनान्शियल प्लॅनर व्हायचंय? मग फायनान्स घेऊ नका

आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना शिव्या घालायच्या आहेत त्यांना शेवटपर्यंत वाचायची तसदी नको. ज्या पोराला किंवा पोरीला पुढे लोकांच्या पैशाचं नियोजन करायचं काम करायचंय, त्यांनी कॉलेजात फायनान्स मेजर घेऊ नये. बीबीए तर नकोच नको. अर्थशास्त्र घ्यावं. हो, तेच बी.ए.वालं अर्थशास्त्र. सोबत मायनरला कॉलेजात मिळत असेल तर संख्याशास्त्र, नाहीतर अकाउंटन्सी. आणि हे सगळं भंडाऱ्यात राहून करावं. पुण्यात खोली घेऊन नाही.

आता तुम्ही म्हणाल, तू दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधले बग शोधणारा माणूस, तुला काय पडलंय? पडलंय, कारण आमच्या घरात गेले दोन महिने हाच विषय चालू आहे, आणि खानदानात एक्सेल येणारा मी एकटाच असल्याने निवाडा माझ्याकडे आलाय.

प्रकरण माझ्या मामेबहिणीचं. मामाचं गाव पवनी तालुक्यातलं, गोसेखुर्दच्या बुडीत क्षेत्रातलं. ज्यांना गोसेखुर्द माहीत नाही त्यांच्यासाठी: वैनगंगेवरचं धरण, १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, सुरुवातीचा अंदाज ३७२ कोटी, पुढे गेला १८ हजार कोटींच्या वर. आमच्या पिढीच्या जन्माआधी सुरू झालं आणि आम्ही नोकरीला लागलो तरी कालव्यांची कामं चालूच. जमिनीचा मोबदला आधी हप्त्याहप्त्याने आला, मग २०१३ साली प्रकल्पग्रस्तांसाठी जवळपास १२०० कोटींचं विशेष पॅकेज जाहीर झालं. म्हणजे ज्या माणसाने जन्मात धानाच्या हंगामापलीकडचा पैसा पाहिला नाही, त्याच्या पासबुकात एका दिवशी काही लाख.

मामाच्या पैशाचं काय झालं ते सांगतो, कारण गावात निम्म्या घरांचं तेच झालं. पुनर्वसनाच्या गावठाणात घर, स्लॅब टाकला. एक मोटरसायकल. मोठ्या पोरीचं लग्न. उरलेलं मामीच्या चुलतभावाने 'पाच वर्षांत दुप्पट'वाल्या एका योजनेत घातलं. चुलतभाऊ एजंट होता आणि मनाने वाईट नव्हता, त्याने स्वतःचेही पैसे तिथेच घातले होते. कंपनीच्या हापिसाला कुलूप लागलं. मामा आज दुसऱ्याची शेती ठेक्याने करतो.

धाकटी तेव्हा शाळेत होती. त्या योजनेच्या पावत्या तिने बिस्किटाच्या डब्यात जपून ठेवल्यात, अजून आहेत. यंदा बारावी सायन्स झाली, अडुसष्ट टक्के, आणि घरात जाहीर केलं, "मले लोकायच्या पैशाचं काम कराचं आहे." एक काका म्हणाले बीबीए कर, नागपूरला. दुसरे म्हणाले सीए कर. शेजारचे गुरुजी म्हणाले इंजिनिअरिंग कर, दादासारखं, मग बघू. तिने स्वतः चौकशी करून अर्थशास्त्र म्हटलं, आणि मामीचा मला फोन. "बाबू, तू समजव तिले. बी.ए. करतो म्हणते. सायन्सची पोरगी, काऊन बी.ए. कराचं? लोकं म्हणतील नापास झाली होती."

मी समजावणार आहे. पण मामीला.

हा 'मेजर' शब्द आपल्याकडे नवीन आहे. नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर २०२४-२५ पासून तो नागपूर विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांत, म्हणजे भंडाऱ्या-साकोलीपर्यंत, पोचला. त्याआधी आपण 'लाइन' म्हणायचो. पोरगी कुठल्या लाइनला आहे? आणि लाइन म्हटलं की ती सरळ जाते, गाडी त्यावरून घसरायची नाही, असा समज. फायनान्समध्ये करिअर म्हणजे फायनान्सची लाइन. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं.

पहिला मुद्दा शिळेपणाचा. समजा एक मुलगा २०२२ साली बी.कॉम. किंवा बीबीए फायनान्सला गेला. पहिल्या वर्षात तो शिकला की डेट फंड तीन वर्षं ठेवला की इंडेक्सेशनचा फायदा मिळतो. १ एप्रिल २०२३ पासून नव्या गुंतवणुकीवर ते गेलं. दुसऱ्या वर्षात तो शिकला की शेअरवरच्या दीर्घकालीन नफ्यावर एक लाखाच्या वर दहा टक्के कर. २३ जुलै २०२४ ला ते झालं सव्वा लाखाच्या वर साडेबारा टक्के. तिसरं वर्ष संपवून बाहेर पडतो न पडतो तोच ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अख्खा नवीन आयकर कायदा पास केला, अंमलबजावणी १ एप्रिल २०२६ पासून. १९६१ च्या कायद्यातली कलमं पाठ केलेला मुलगा, ८०सी वगैरे मंत्रासारखं म्हणणारा, त्याला सगळे आकडे नव्याने घोकायचे. आमच्या क्षेत्रात याला आम्ही व्हर्जन बदललं म्हणतो आणि रडत नाही, कारण कोणी शहाणा माणूस तीन वर्षांची डिग्री एका लायब्ररीच्या एका व्हर्जनवर घेत नाही. व्हर्जन शिकायला आठवड्याभराचा कोर्स पुरतो. इथे तो कोर्स आहेच. सेबीने २००६ साली स्थापन केलेल्या एनआयएसएमच्या परीक्षा आहेत, सीएफपी आहे. प्रॉडक्टची माहिती तिथे ताजी मिळते, आणि परवानगीसाठी ती परीक्षा तशीही द्यावीच लागते. मग तीच माहिती कॉलेजात तीन वर्षं शिळी करून कशाला खायची?

दुसरा मुद्दा नियमाचा. कारण "पण सेबीला फायनान्सची डिग्री लागते ना?" हे प्रत्येक काका विचारतो. तर ऐका. सल्लागारांसाठीचे सेबीचे नियम आले जानेवारी २०१३ ला. तेव्हा फायनान्स, कॉमर्स, अर्थशास्त्र, बँकिंग, विमा अशा विषयांतली पदव्युत्तर पदवी, किंवा कुठलीही पदवी आणि पाच वर्षांचा अनुभव चालायचा. २०२० मध्ये कडक केलं: पदव्युत्तर पदवी हवी आणि वर पाच वर्षांचा अनुभवही हवा. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सैल केलं, अट पदवीवर आणली आणि अनुभव काढून टाकला. बारा वर्षांत तीन तऱ्हा. पुढेही बदलेल. पण या सगळ्या काळात एक विषय यादीतून कधीच गेला नाही, तो म्हणजे अर्थशास्त्र. बी.ए.ला हसणाऱ्यांनी हे जरा लिहून ठेवावं. (आणि ज्या इंजिनिअरिंगचा सल्ला गुरुजी देतात ते त्या यादीत नव्हतं.)

तिसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा, आणि यावर माझं डोकं फिरतं. बीबीए फायनान्सच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, 'करिअर: फायनान्शियल प्लॅनर, वेल्थ मॅनेजर, रिलेशनशिप मॅनेजर'. राव, यातल्या बहुतेक नोकऱ्या विक्रीच्या आहेत. सकाळी नऊला मीटिंग, भिंतीवर टार्गेट, महिन्याअखेर विम्याचा आकडा. विकण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही, माझी स्वतःची कंपनीसुद्धा सेल्सवाल्यांच्या जिवावर चालते. पण विक्रेत्याला प्लॅनर म्हणायचं कारण नाही. सेबीनेसुद्धा २०२० मध्ये वितरकांना सांगितलं की नोंदणी नसेल तर स्वतःला वेल्थ अॅडव्हायझर म्हणवून घ्यायचं नाही. नोंदणी केलेले सल्लागार सगळ्या देशात मिळून हजाराच्या आसपास. एकट्या एलआयसीचे एजंट तेरा-चौदा लाख. म्हणजे भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला आयुष्यात एकदा तरी सल्लागार भेटण्यापेक्षा वाघ दिसण्याची शक्यता जास्त, आमच्याकडे निदान कोका अभयारण्य तरी आहे.

माझे वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक. निवृत्तीचे पैसे आले तेव्हा एफडी करायला बँकेत गेले, आणि युलिप घेऊन घरी आले. बँकेचं नाव घेत नाही. विकणारा मुलगा एमबीए फायनान्स, अतिशय सालस, बाबांना सर सर म्हणणारा. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला काय नको ते त्याला माहीत नव्हतं का? बी प्लस असेल तरी माहीत असणार. मार्च महिना होता, बस. त्याच्या अभ्यासक्रमात युलिपचा धडा होता. समोरच्या माणसाला औषधगोळीला दरमहा किती लागतात, हे विचारायचा धडा नव्हता.

यावर कोणी म्हणेल की तो धडा अर्थशास्त्रातही नसतो. नसतो, पण त्या धड्याच्या शेजारपाजारचं बरंच असतं. इथे जरा थांबतो, कारण भंडाऱ्यात नियोजन करायचं म्हणजे काय करायचं ते पुण्यात बसून कळत नाही.

आपल्यासारख्यांचं सोपं आहे. एक तारखेला पगार, पाच तारखेला एसआयपी, वर्षातून एकदा बोनस. सगळी पाठ्यपुस्तकं याच माणसासाठी लिहिलेली आहेत. 'मासिक उत्पन्नाच्या वीस टक्के बचत करा.' आता मोहाडी तालुक्यातलं तीन एकर धानाचं घर घ्या. एकरी पंधरा क्विंटल धरू. २०२५-२६ च्या खरिपाचा साधारण धानाचा हमीभाव २३६९ रुपये. पंचेचाळीस क्विंटलचे झाले १ लाख ६ हजार ६०५. हे वर्षातून एकदा. त्यातून रोवणीची मजुरी, खत, ट्रॅक्टर, चुरण्याचा खर्च वजा. आणि हा पैसा कधी येणार? धान निघतं दिवाळीच्या पुढेमागे, आधारभूत केंद्रावर नंबर लागतो तेव्हा लागतो, पैसे खात्यात येतात तेव्हा येतात. बोनस सरकार जाहीर करेल तेव्हा. कधी क्विंटलवर, कधी हेक्टरवर, मागे हेक्टरी वीस हजार दिला तसा. या घराचं 'मासिक उत्पन्न' किती सांगा बरं? आणि पाच तारखेला एसआयपी कापायला गेलात तर जुलै-ऑगस्टात, ऐन रोवणीत, ती बाउन्स होऊन बँक वर दंड लावणार.

त्याच घरात सोसायटीचं पीककर्ज असतं. मुदतीत फेडलं तर राज्य सरकारच्या पंजाबराव देशमुख योजनेतून तीन लाखांपर्यंत शून्य टक्के व्याज. जो प्लॅनर अशा माणसाला 'कर्ज राहू द्या, फंडात टाका' म्हणेल त्याला शून्य टक्क्याचं कर्ज आणि थकलेलं कर्ज यातला फरक कळत नाही. शिवाय बायकोचा बचतगट, गल्लीतली भिशी, मायक्रोफायनान्सवाल्याचा आठवड्याचा हप्ता. आणि सोनं, जे गुंतवणूक म्हणून वाईट आहे असं आपण लॅपटॉपवर म्हणतो, पण जे तुमसरच्या सराफाकडे तासाभरात रोख होतं, आणि दवाखान्यात तासाभरातच रोख लागते.

शेतकऱ्याच्या पैशाचा हा सगळा अभ्यास नवीन नाही, आणि तो फायनान्सवाल्यांनी केलेलाही नाही. धनंजयराव गाडगीळांच्या समितीचा शेतीकर्जावरचा अहवाल १९४५ चा. १९५४ ला आलेल्या ग्रामीण पतपाहणीत गाडगीळ होतेच. त्या पाहणीतून कळलं की शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी सोसायट्यांचा वाटा जेमतेम तीन टक्के आणि सावकाराचा सत्तरच्या आसपास. घरोघर जाऊन 'पैसा कुठून आणता, कधी आणता, कशाला आणता' असं विचारलं म्हणून कळलं. माझ्या बहिणीला उद्या जे काम करायचंय ते नेमकं हेच आहे. आणि ते अर्थशास्त्राच्या वर्गात, 'कृषी अर्थशास्त्र' नावाच्या कंटाळवाण्या पेपरात, पिवळ्या पडलेल्या नोट्समधून का होईना, शिकवतात. पोर्टफोलिओ थिअरीच्या वर्गात नाही.

पोर्टफोलिओ थिअरीवरून आठवलं. ती ज्याने १९५२ साली मांडली तो हॅरी मार्कोविट्झ शिकागोला अर्थशास्त्राचाच विद्यार्थी होता. त्याला १९९० चं नोबेलही अर्थशास्त्राचंच मिळालं. आणि स्वतःच्या निवृत्तीचे पैसे गुंतवताना त्याने आपलं सूत्र बाजूला ठेवून निम्मे शेअरमध्ये, निम्मे रोख्यांत टाकले, उगाच पुढे पश्चात्ताप नको म्हणून. हे त्याने स्वतःच सांगितलंय. असो.

आता गणिताचं. "फायनान्सला गणित लागते, बी.ए.त ते कुठून येणार?" अहो, या कामाला लागणारं ऐंशी टक्के गणित आपल्या बोर्डाच्या आठवीच्या पुस्तकात आहे, चक्रवाढ व्याजाच्या धड्यात. एक उदाहरण घ्या. एजंट म्हणतो, वर्षाला पन्नास हजार, वीस वर्षं भरा, दहा लाखांचे सतरा लाख छत्तीस हजार मिळतील. ऐकायला बरं वाटतं, पावणेदोन पट. हिशेब केला की निघतो वर्षाला पाच टक्के. तेच पन्नास हजार दरवर्षी पीपीएफमध्ये, २०२० च्या एप्रिलपासून बराच काळ राहिलेल्या ७.१ टक्के दराने, वीस वर्षांनी होतात बावीस लाख एकोणीस हजारांच्या आसपास. पावणेपाच लाखांहून जास्त फरक. त्यातला थोडा भाग साध्या टर्म विम्याला द्या, संरक्षणही जास्त मिळतं. हे मी बहिणीला मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अर्ध्या तासात शिकवलं. एजंट हे कधीच सांगणार नाही, कारण पहिल्या हप्त्यावर पस्तीस टक्क्यांपर्यंत कमिशन वर्षानुवर्षं चालत आलं. २०२४ मध्ये एलआयसीने ते कमी केलं तर एजंटांनी केवढा गदारोळ केला, बघितलंत ना? पण ज्याला पस्तीस टक्के का मिळतात हे कळतं, त्याला पॉलिसी कळते. त्यासाठी सूत्र नाही लागत, 'कोणाला काय प्रोत्साहन आहे' हे बघायची सवय लागते. आणि ती सवय हे अर्थशास्त्राचं पहिलं पान.

बुडालेल्या योजनांचंही तसंच. पर्ल्स घ्या. सेबीच्या २०१४ च्या आदेशात आकडा होता ४९ हजार १०० कोटींचा, जवळपास पावणेसहा-सहा कोटी लोकांकडून गोळा केलेला. नागपुरात श्रीसूर्या २०१३ ला, वासनकर २०१४ ला. हे फसलेले लोक काय अडाणी होते? नागपूरच्या प्रकरणांत डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त अधिकारी होते. व्याजाचा दर सगळ्यांना समजत होता. 'हा दर येतो कुठून, कुठलं शेत पिकतंय, कुठला कारखाना चालतोय' हा प्रश्न कोणी विचारला नाही. पाच वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला पंधरा टक्के, तेही 'खात्रीने'. ज्या मुलीच्या घरातून पैसे गेलेत ती हा प्रश्न आयुष्यभर विचारणार आहे. तिला तो नीट विचारायला शिकवेल असा विषय द्या ना. तुम्ही तिला 'ब्रँड मॅनेजमेंट' शिकायला पाठवताय.

बी.ए.ला हसणाऱ्या आमच्या जिल्ह्याला एक आठवण करून द्यायची आहे. १९५४ साली भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक झाली. उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर, आणि ते हरले. ही हार आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पण बाबासाहेब शिक्षणाने अर्थशास्त्रज्ञ होते, हे भाषणात एक वाक्य म्हणून येतं आणि जातं. एल्फिन्स्टनचे बी.ए., कोलंबियातून १९१५ साली अर्थशास्त्रात एम.ए., रुपयाच्या प्रश्नावरचं पुस्तक १९२३ चं. आणि हे कितीजणांना माहीत आहे की बडोद्याची नोकरी सुटल्यावर मुंबईत त्यांनी शेअर-रोख्यांच्या व्यवहारात सल्ला द्यायचा व्यवसाय सुरू केला होता? म्हणजे आजच्या भाषेत गुंतवणूक सल्लागार. चालला नाही. ज्ञान कमी पडलं म्हणून नाही. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचं बंद झालं. नंतर १९१८ ला ते सिडनहॅमला, म्हणजे कॉमर्सच्या कॉलेजात, कॉमर्सच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवायला गेले.

ही गोष्ट मी बहिणीला सांगितली ती कौतुकासाठी नाही. हा धंदा कागदावर नसलेल्या एका गोष्टीवर चालतो, आणि ती म्हणजे गिऱ्हाईक कोणाला आपलं मानतं. आजही पॉलिसी विकली जाते ती साळ्याला, व्याह्याला, समाजाच्या मेळाव्यात ओळख झालेल्याला. मामाचे पैसे गेले ते नात्यातल्या माणसाच्या हातून, म्हणूनच तर मामाने कागद वाचला नाही. जी मुलगी उद्या फी घेऊन परक्या घरात पैशाच्या गोष्टी बोलणार, तिला जात, नातं, बाईच्या नावावरची जमीन, सुनेचं स्त्रीधन हे सगळं ओलांडून जावं लागणार. गेल्या वर्षी, २४ जानेवारी २०२५ ला असं म्हणू, जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट होऊन आठ कामगार गेले. अशा घरात भरपाईचा चेक येतो तेव्हा त्याच्याभोवती सासर, माहेर आणि दोन एजंट गोळा होतात. त्या बाईशी बोलायला नुसता एनपीएसचा तक्ता घेऊन जाणार का? ओपन इलेक्टिव्हला नव्या धोरणात दुसऱ्या शाखेचा विषय घ्यावाच लागतो. तिथे वाणिज्यचा घे, आणि आर्ट्समध्येच आहेस तर समाजशास्त्राच्या सरांच्या वर्गात विनाकारण जाऊन बस, असं मी तिला सांगितलंय.

विरुद्ध बाजूचा सगळ्यात तगडा मुद्दा शेवटी घेतो. "भंडाऱ्यात फी कोण देणार?" हा प्रश्न खरा आहे. फुकट सल्ला आणि कमिशन पोटात, ही सवय लोकांना लागलीये. पण हेच लोक तहसीलसमोरच्या अर्जनवीसाला पैसे देतात, मोजणीवाल्याला देतात, रिटर्न भरणाऱ्याला देतात, पोराची पत्रिका बघणाऱ्याला तर न मागता देतात. वर्षाला घरामागे तीन हजार आणि दीडशे घरं, साडेचार लाख. डिसेंबर २०२४ च्या नियमांत दीडशे ग्राहकांपर्यंतच्या सल्लागाराला एक लाखाची ठेव सांगितली होती, म्हणजे आकडा अगदीच हवेतला नाही. पहिली गिऱ्हाइकं शेतकरी नसतीलच. शिक्षक असतील, तलाठी, नर्स, केंद्र सरकारचे नोकर, ज्यांच्यापुढे १ एप्रिल २०२५ पासून एनपीएस की यूपीएस हा प्रश्न येऊन पडला. पंचवीस वर्षं नोकरी झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मं पेन्शन, की स्वतःचा साठलेला फंड? यात महागाई आहे, आयुर्मान आहे, मागे राहणारी बायको आहे. या प्रश्नाला दोन हजार रुपये फी द्यायला माझे वडीलच तयार होतील, युलिपनंतर.

पहिली दोन-तीन वर्षं पोट भरणार नाही, हेही तिला सांगितलंय. तोवर बँकेची परीक्षा दे, तिथे कुठलीही पदवी चालते. किंवा एखाद्या सीएच्या हापिसात बस. सीएवाल्या काकांशी माझं भांडण तसं कमीच आहे. ज्याला तुमसरात रिटर्न, जीएसटी, ऑडिट करायचं आहे त्याने खुशाल बी.कॉम. करावं, सीए करावं, इमानदारीचं काम आहे. पण ते झालेल्या वर्षाचा हिशेब लावतात. मामाला गरज होती पैसे यायच्या आधीच्या महिन्यात कोणीतरी ओसरीत येऊन बसण्याची.

तर पोरीने अर्ज भरलाय. मेजर अर्थशास्त्र, मायनर अकाउंटन्सी, कारण संख्याशास्त्राचं जुळलं नाही. फील्ड प्रोजेक्टसाठी तिने आत्ताच ठरवलंय, गावठाणातल्या सहा घरांचा वर्षभराचा जमाखर्च लिहायचा, आखाडीपासून. सहातलं एक घर तिच्या त्या एजंट मामाचं आहे. मामीला हे अजून कोणी सांगितलेलं नाही.